कामाची कीर्द आणि पुढचा आराखडा

पेढीवर वाढलेल्या माणसाला सॉफ्टवेअरच्या धंद्यातील एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. आपला माल डोळ्यांना दिसतो. पोती गोदामात उतरली की मोजता येतात, डबे फळीवर लागले की किती उरले ते दारातूनही कळते. ज्यांचा माल म्हणजे सॉफ्टवेअर, त्यांच्याकडे मात्र निम्मा तयार झालेला माल आणि मुळीच हाती न घेतलेला माल बाहेरून अगदी सारखा दिसतो. म्हणूनच त्या धंद्यात कामाची नोंद ठेवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे आणि त्या नोंदीची साधने विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांपैकी कोणते साधन घ्यावे, या प्रश्नात गेल्या सव्वा वर्षात मला लक्ष घालावे लागले. आपल्या अनेक घरांतील मुले आज या धंद्यात आहेत, त्यांच्या कंपन्यांत घरचे भांडवल गुंतलेले आहे, आणि खर्चाचा हा कागद कधी ना कधी वडीलधाऱ्यांपुढे सहीसाठी येणारच आहे. त्यासाठी हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझे सासर सांगलीच्या गणपती पेठेत किराणा मालाचा घाऊक व्यापार करते. पेढीची कीर्द आणि खतावणी गेली बावीस वर्षे माझ्या हाताखालून जाते. आधी कागदावर, मग संगणकावर. थोरल्या भाऊजींचा मुलगा अभियांत्रिकी शिकून पुण्यात राहिला आणि २०१८ साली एका वर्गमित्राला भागीदार घेऊन त्याने घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलाचे व साठ्याचे सॉफ्टवेअर करावयास आरंभ केला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होऊन वर्ष झाले होते आणि लहान व्यापारी अजून चाचपडत होते. पहिले गिऱ्हाईक अर्थात आमचीच पेढी. भांडवल थोरल्या भाऊजींनी व आमच्या ह्यांनी घातले, आणि त्या पैशांवर कोणाची तरी नजर असावी म्हणून दर तिमाहीचा हिशेब मी पाहावा असे घरात ठरले.

पहिली पाच वर्षे काय करावयाचे, हे त्या दोघांना फारसे ठरवावे लागले नाही. ते सरकारच ठरवीत होते. ई-इनव्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झाली आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. प्रत्येक पायरीला व्यापाऱ्यांची आणखी एक रांग त्या कक्षेत येई, तिचे फोन येत, आणि मुले रात्रंदिवस ते काम उरकीत. चार माणसांची बावीस झाली. पायऱ्या संपल्या तेव्हा प्रथमच त्यांच्यापुढे प्रश्न आला की आता पुढे काय करावयाचे ते आपले आपण ठरवायचे आहे. त्या दोघांतील कुरबूर तेव्हापासूनची.

कामाची नोंद ते पहिल्यापासून जिरा या सॉफ्टवेअरमध्ये ठेवीत. हे नाव पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या घरात सर्वांनी मसाल्याच्या गोणीकडे पाहिले. वास्तविक जिऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने २००२ साली ते काढले आणि गोजिरा या जपानी नावाचे शेपूट तेवढे ठेवले. गोजिरा म्हणजे सिनेमातला तो अजस्र प्राणी, ज्याला इंग्रजीत गॉडझिला म्हणतात. त्या काळी दोषांची नोंद ठेवणारे बगझिला नावाचे सॉफ्टवेअर प्रचलित होते, त्यावरची ही कोटी. याच जातीची ट्रेलो, असाना, लिनिअर अशी इतर नावे आहेत. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचीही साधने आहेत. असाना हे तर सरळ आपले आसनच.

या जातीच्या साधनात प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असते, तिला तिकीट म्हणतात. तिच्यावर काम काय, कोणाकडे, कोणत्या टप्प्यावर, कोणी कधी काय म्हटले, हे सारे असते. चिठ्ठ्या फलकावर डावीकडून उजवीकडे सरकतात: करावयाचे, चालू, तपासणीत, पूर्ण. ही कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांची नव्हे. जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी कानबान नावाची पद्धत बसवली, तिच्यात सुट्या भागांच्या पेटीबरोबर एक पत्ता असे. पेटी वापरली गेली की पत्ता मागे जाई आणि तितकाच माल नव्याने तयार होई. गोदामातून हमालाबरोबर चिठ्ठी जाते आणि सही होऊन परत येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मला ते साधन पहिल्या दिवशीच समजले, कारण ती कीर्द आहे. जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहावयाचे, आणि लिहिल्याशिवाय काही घडले असे मानावयाचे नाही.

आता अडचण कोठे आली ते सांगते. कोल्हापूरचे एक वितरक आमच्या पेढीचे सासरेबुवांच्या काळापासूनचे संबंधित. बिस्किटे, फरसाण, साबण असा त्यांचा माल. मुदत संपण्याची तारीख जवळ आलेला माल आधी बाहेर पडावा, अशी सोय त्यांना सॉफ्टवेअरमध्ये हवी होती. तिला मुलांनी तारीखवार साठा असे नाव दिले होते. २०२४ च्या दिवाळीपूर्वी ती मिळेल असे त्यांना विक्री पाहणाऱ्या मुलाने सांगितले, नंतर पुतण्याने सांगितले आणि त्या दोघांच्या भरवशावर थोरल्या भाऊजींनीही एका लग्नात सांगितले. दिवाळी झाली. सोय आली नाही. त्या गृहस्थांनी पुण्याला फोन केला नाही, सांगलीला केला, आणि रागावून काही बोलले नाहीत. "तुमच्या पेढीचा शब्द आहे म्हणून वाट बघतोय," एवढेच म्हणाले. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत.

मी जिरा उघडून पाहिले. तारीखवार साठ्याची एक नव्हे, चार तिकिटे होती. चार निरनिराळ्या माणसांनी, चार निरनिराळ्या नावांनी, दीड वर्षात लिहिलेली. चारही 'करावयाचे' या रकान्यात. त्यांच्यावर-खाली अकराशेहून अधिक तिकिटे तशीच पडून होती. त्या राशीला ते लोक बॅकलॉग म्हणतात. आपला अनुशेष हा शब्द मला अधिक चपखल वाटतो, कारण अनुशेष म्हटले की तो कधी भरून निघणार नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. नोंदीत खोटे काहीच नव्हते. कोणत्या माणसाने कोणत्या दिवशी काय केले याचा त्या वहीत चोख हिशेब होता. फक्त या अकराशेंपैकी कोणती पन्नास कामे या वर्षी करावयाची, कोणती मुळीच करावयाची नाहीत, आणि का, हे त्या वहीत कोठेही नव्हते. ते कोणाच्याच वहीत नव्हते.

पुतण्याने यावरून काढलेला निष्कर्ष असा की आपल्याला रोडमॅपचे सॉफ्टवेअर हवे. भागीदाराचे म्हणणे, आणखी एक साधन म्हणजे आणखी एक खिडकी. आहे त्यात नीट भरत नाही तो माणूस दुसऱ्यातही भरणार नाही. दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचेही आपापल्या जागी बरोबर. परंतु प्रकरण इतके चिघळले की एका रविवारी पुतण्या सांगलीस आला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही दोन्ही प्रकार बघा आणि काय ते सांगा. आमचं या विषयावर एकमेकांशी बोलणंच होत नाही आता." घरच्या पैशांपेक्षा मला त्या वाक्याची अधिक काळजी वाटली. भागीदारी मोडते तेव्हा कारण क्वचितच मोठे असते.

रोडमॅपची साधने ही जात निराळी आहे आणि वयाने लहान आहे. अहा नावाची अमेरिकन कंपनी २०१३ सालची, प्रॉडक्टबोर्ड ही प्राग शहरात २०१४ साली सुरू झालेली. त्यांच्यात चिठ्ठीपासून आरंभ होत नाही. आरंभ होतो उद्दिष्टापासून: या वर्षी आपल्याला काय साधावयाचे आहे? मग गिऱ्हाइकांच्या मागण्या एका ठिकाणी गोळा होतात. एकच मागणी चौघांनी केली असेल तर ती चार नावांखाली न पडता एका नावाखाली चार गिऱ्हाइके अशी दिसते. त्या मागण्यांना क्रम लावता येतो, क्रमाचे कारण लिहिता येते, आणि त्यातून पुढच्या काही महिन्यांचा एक पट तयार होतो. तो पट भांडवल घालणाऱ्याला एका रीतीने, विक्रीवाल्याला दुसऱ्या रीतीने आणि गिऱ्हाइकाला तिसऱ्या रीतीने दाखवता येतो. पट मांडण्याची कल्पना जुनी आहे. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात वापरले जात होते आणि धरण बांधणाऱ्यापासून लग्नाची तयारी करणाऱ्यापर्यंत सर्वजण आजही ते काढतात. नव्या साधनांनी त्यात 'का' हा रकाना वाढवला, असे मी म्हणेन.

आपल्या पेढीवर याला काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत, कारण ते कोठे लिहिलेलेच नसते. श्रावणात सासरेबुवा माळ्यावर बसत, समोर गेल्या दिवाळीची खतावणी उघडी असे, आणि यंदा खजूर किती घ्यावयाचा, कोणत्या तेलाची एजन्सी सोडावयाची, कोणत्या गावाला उधारी बंद करावयाची, हे ते ठरवीत. कीर्द त्यांना मागचे सांगे. पुढचे त्यांच्या डोक्यात असे. एक डोके आणि एक दुकान असेपर्यंत त्यात काही बिघडत नाही. बावीस डोकी आणि सहाशे गिऱ्हाइके झाली की ते डोक्यातून कागदावर यावेच लागते. यात प्रश्न बुद्धीचा नाही. ज्याने ठरवले तो आणि ज्याने शब्द दिला तो, ही दोन माणसे झालेली असतात.

म्हणून दोन्ही सॉफ्टवेअरची तुलना जाहिरातीत करतात तशी, या सोयी इकडे आणि त्या सोयी तिकडे, करण्यात मला अर्थ दिसला नाही. कीर्द चांगली की खतावणी, असे कोणी विचारीत नाही. विचारावयाचे ते हे की या घरात आज न्यून कशाचे आहे. काम हरवते आहे, कोण काय करतो ते कळत नाही, दोष दोनदा दुरुस्त होतात आणि तिसऱ्यांदा उगवतात, असे असेल तर आधी कामाची नोंद ठेवणारे साधन घ्यावे. रोडमॅपच्या सुंदर पटाने तेथे काही होणार नाही. काम व्यवस्थित होते आहे, परंतु भलतेच काम व्यवस्थित होते आहे, असे असेल तर नोंदीचे साधन कितीही महागडे घेतले तरी ते चुकीच्या दिशेने जाण्याचा वेग अचूक मोजून देईल. पुण्याच्या कंपनीची अवस्था उघडच दुसऱ्या प्रकारची होती. पुतण्याचे निदान मला पटले. औषधाविषयी मात्र मी लगेच होकार दिला नाही.

त्याचे पहिले कारण विक्रेत्यांची प्रात्यक्षिके. दोन कंपन्यांची आम्ही पाहिली. दोन्हीकडे कामांना गुण देण्याची सोय होती आणि तीच फार कौतुकाने दाखवण्यात आली. किती गिऱ्हाइकांना उपयोग, किती मोठा उपयोग, आपली खात्री किती, यांचा गुणाकार आणि त्याला लागणाऱ्या श्रमांनी भागाकार. इंटरकॉम कंपनीत रूढ झालेल्या या सूत्राला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून राइस म्हणतात. थोरले भाऊजी मागे बसून ऐकत होते, ते म्हणाले, "जिरा होताच, आता राइसही आला." हसणे बाजूला ठेवले तरी मला त्या आकड्यांचे भय वाटले. उपयोग किती मोठा, हे कोणीतरी अंदाजाने तीन लिहिणार, खात्री ऐंशी टक्के लिहिणार, आणि उत्तर दशांश चिन्हासह आले की ते हिशेबासारखे दिसणार. अंदाजाला अंदाजच दिसू द्यावे. गुण चर्चेला बसण्यापुरते ठीक आहेत. गुणांनी निर्णय घेतला असे म्हणणारा माणूस बहुधा आपला निर्णय लपवीत असतो.

दुसरे कारण आकारणीचे. या साधनांचे पैसे माणशी दरमहा असतात. नोंदीच्या साधनात प्रत्येक काम करणारा लिहितो, म्हणून बावीसच्या बावीस जागा विकत घ्याव्या लागतात. रोडमॅपच्या साधनात लिहिणारे दोघे-तिघे पुरतात आणि नुसते पाहणाऱ्यांना बहुधा पैसे पडत नाहीत. मात्र लिहिणाऱ्याची एक जागा चांगलीच महाग असते. कागदावर दोन्हींची वार्षिक बेरीज फार लांब जात नाही. म्हणून दर पाहून निर्णय करू नये, लिहिणारे नेमके किती हे आधी मोजावे. विक्रेता नेहमी अधिक मोजतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि ते जमाखर्च लिहिणाऱ्याला सांगावे लागत नाही. दोन वह्या ठेवल्या की त्यांचा मेळ रोज बसवावा लागतो. कीर्दीतून खतावणी हाताने उतरवण्याची पाळी आली तर पहिला महिना उत्साहात जातो, दुसऱ्या महिन्यात चार दिवस तुंबतात, आणि तिसऱ्या महिन्यापासून दोन वह्या दोन निरनिराळ्या पेढ्यांच्या वाटू लागतात. मेळ नसलेल्या दोन वह्यांपेक्षा एकच अपुरी वही बरी, कारण ती निदान अपुरी आहे हे ठाऊक असते. म्हणून मी प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला: रोडमॅपवरची तारीखवार साठा ही ओळ आणि जिरामधली तिची तिकिटे यांचा संबंध कोण राखणार, माणूस की यंत्र?

यंत्र राखते, असे उत्तर आले, आणि ते खरेही होते. परंतु त्यासाठी जिरामधला कोणता टप्पा म्हणजे रोडमॅपवरचा कोणता टप्पा, हे एकदा सांगून ठेवावे लागते. मुलांच्या जिरामध्ये नऊ टप्पे होते, रोडमॅपवर चार. ते जुळवण्यास दोघांना समोरासमोर बसवले आणि तेथे एक गोष्ट उघडकीस आली जी कोणत्याही प्रात्यक्षिकात दिसली नसती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या लेखी 'पूर्ण' म्हणजे लिहून व तपासून झाले. विक्रीवाल्यांच्या लेखी 'पूर्ण' म्हणजे गिऱ्हाइकाच्या संगणकावर गेले. या दोहोंमध्ये कधी तीन आठवडे, कधी दोन महिने जात. सहा वर्षे एकाच खोलीत बसून ही माणसे एकच शब्द दोन अर्थांनी वापरीत होती आणि गिऱ्हाइकाला त्यातला सोयीचा अर्थ सांगत होती. तो सबंध दिवस त्या एका शब्दावर गेला. माझ्या मते तेथेच निम्मे काम झाले, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

मग आम्ही असे ठरवले की जानेवारी ते मार्च २०२५ हे तीन महिने काहीही विकत घ्यावयाचे नाही. साध्या एक्सेलच्या पानावर तीन रकाने: आत्ता, पुढे, नंतर. तारखा फक्त सरकारी असतील तेथेच. प्रत्येक ओळीपुढे तिचे कारण एका वाक्यात आणि तिच्यासाठी ज्यांना शब्द दिला आहे त्या गिऱ्हाइकांची नावे. 'आत्ता'मध्ये सहापेक्षा अधिक ओळी नकोत. आणि पान बदलण्याचा अधिकार एकट्या पुतण्याला, भागीदाराने वाचून मान्यता दिल्यावर. अकराशे तिकिटांपैकी सातशेच्या आसपास तिकिटे भागीदाराने स्वतः बंद केली. त्याला वाईट वाटत होते, ते दिसत होते. प्रत्येक तिकिटामागे कोणीतरी कधीतरी केलेली विनंती होती.

तीन महिन्यांनी पान अपुरे पडू लागले ते एका विशिष्ट ठिकाणी. ओळ आणि तिकिटे यांचा मेळ पुतण्या दर शुक्रवारी हाताने बसवीत असे आणि दोन शुक्रवार चुकले होते. तेव्हा कुठे साधन विकत घेण्यास कारण मिळाले. एप्रिलमध्ये आम्ही स्वतंत्र कंपनीचे रोडमॅप सॉफ्टवेअर न घेता जिराच्याच घरातले, जिरा प्रॉडक्ट डिस्कव्हरी नावाचे, २०२३ पासून सर्वांसाठी खुले झालेले साधन घेतले. लिहिणारे तीनच असल्याने ते त्या वेळी विनामूल्यच पडले. पुतण्या पूर्ण समाधानी नव्हता. स्वतंत्र सॉफ्टवेअरची गिऱ्हाइकाला दाखवावयाची मांडणी त्याला अधिक देखणी वाटत होती, आणि ती होतीच. परंतु कीर्द व आराखडा एका छपराखाली असण्याला मी अधिक किंमत दिली. त्यांच्या जागी तीन-चार निराळी उत्पादने असती, प्रत्येक गटाची नोंद निराळ्या साधनात असती, तर माझा कौल उलट पडला असता. सर्वांच्या वर बसणारे स्वतंत्र साधन तेथेच आपले मोल वसूल करते. आणि पाच माणसांच्या कंपनीला मी आजही एक्सेलच्या पानापलीकडे जाऊ देणार नाही.

एक अट मात्र मी घातली. महिन्यातून एकदा सर्व नोंदी उतरवून आपल्याकडे ठेवावयाच्या. अ‍ॅटलासियनने आपल्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवला, तेव्हा स्वतःच्या संगणकावर ते बसवणाऱ्यांना क्लाउडवर तरी जावे लागले किंवा मोठ्या संस्थांसाठीची निराळी आवृत्ती तरी घ्यावी लागली. कंपनीने तीन वर्षे आधी सूचना दिली होती, त्यात तिची फसवणूक नव्हती. पण वही दुसऱ्याच्या कपाटात असली की किल्ली त्याच्या हाती असते.

या सर्वाची परीक्षा आम्ही ठरवलेल्या दिवशी झाली नाही. ३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने दरांची फेररचना जाहीर केली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपले, आणि हे सर्व लागू होणार २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. हाती १९ दिवस. बिस्किटे १८ वरून ५ वर, तूप आणि बदाम १२ वरून ५ वर, साबण १८ वरून ५ वर. किराणा व्यापाऱ्याच्या फळीवरचा निम्मा माल हलला. नुसता दर बदलून भागणारे नव्हते. २१ च्या रात्रीपर्यंत जुना दर, १२ वाजल्यानंतर नवा, आणि जुन्या बिलाचा माल नंतर परत आला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने. सहाशे गिऱ्हाइकांकडे हे एकाच रात्री घडावयाचे होते.

त्या वेळी 'आत्ता'च्या रकान्यात दुसऱ्या क्रमांकावर तारीखवार साठा होता. दसऱ्यापूर्वी देण्याचे ठरले होते आणि काम निम्म्याहून अधिक झाले होते. ४ तारखेला सकाळी दोघे भागीदार बसले. पाऊण तासात ती ओळ 'पुढे'च्या रकान्यात गेली आणि तिची तिकिटे थांबवली गेली. एरव्ही हा निर्णय घेण्यास त्यांना आठवडा लागला असता आणि बाकीच्यांना तो कळण्यास महिना. या वेळी ओळीपुढे नावे होती. कोल्हापूरच्या वितरकांसह एकंदर अकरा. विक्रीच्या मुलांनी दहा फोन केले. अकरावा भाऊजींनी आपल्याकडे मागून घेतला.

मी तेथेच बसले होते. त्यांनी कारण सांगितले, दिवाळीला ती सोय मिळणार नाही हे सांगितले, आणि जानेवारी असे म्हणाले. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते गृहस्थ म्हणाले की मागच्या वेळी दिवाळी उलटल्यावर त्यांना कळले होते, या वेळी महिनाभर आधी कळले, तेवढ्यात ते खरेदी सांभाळून करतील. नंतर दोघे बिस्किटांच्या जुन्या साठ्यावर नवी किंमत कशी लावावयाची याविषयी बोलत राहिले.

२२ ची रात्र पार पडली. तीन ठिकाणी गडबड झाली, ती सकाळपर्यंत निस्तरली. तारीखवार साठा जानेवारीत गेला. त्यात एक दोष निघाला, एकाच मालाचे दोन निरनिराळे घाऊक डबे असले की तारीख दुसऱ्याची लागे, तो आठवड्याभरात दुरुस्त झाला. कोल्हापूरकरांनीच तो शोधून दिला.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते दोघे तास-दीड तास त्या पटापुढे बसतात आणि मी सांगलीहून पडद्यावर पाहते. त्यांचे मतभेद संपलेले नाहीत. गेल्या खेपेस आवाज बराच चढला होता. फरक इतका की वाद आता एकमेकांविषयी न होता कोणत्या ओळीविषयी होतो, आणि ती ओळ दोघांच्याही समोर असते. त्याच बैठकीत त्यांनी 'नंतर'च्या रकान्यातली एक ओळ कायमची काढून टाकली. ती थोरल्या भाऊजींची होती. दुकानात बोलून बिल करता यावे, टंकावे लागू नये, अशी त्यांची तीन वर्षांची हौस. कारणाच्या जागी पुतण्याने लिहिले आहे की गल्ल्याभोवतीच्या गोंगाटात ते नीट ऐकू येत नाही आणि मागणी एकाच गिऱ्हाइकाची आहे. भाऊजींनी ते दुसऱ्या दिवशी वाचले. चष्मा काढून पुन्हा पुसला, पुन्हा वाचले, आणि पुढच्या सोमवारी आपणही बैठकीला बसणार आहोत असे सांगून गोदामाकडे निघून गेले.